सूर्यचूल घरोघर का गेली नाही?

चैत्र-वैशाखात मराठी घराच्या अंगणात किंवा गच्चीवर जे वाळवण पडलेले असते, त्याकडे यंत्रविद्येचा विषय म्हणून कोणी पाहत नाही. वास्तविक पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाच्या बेगमीच्या मिरच्या ही सारी सूर्याच्या उष्णतेने केलेली कामे होत. गोव्यात रातांब्याच्या साली उन्हात सुकवून आमसोले करतात. गुजरातेत किसलेली कैरी आणि साखर एकत्र करून, बरणीच्या तोंडाला पातळ फडके बांधून ती कित्येक दिवस उन्हात ठेवतात आणि विस्तव न दाखवता छुंद्याचा पाक उतरवतात. वडोदऱ्यास पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हा पदार्थ परका नाही. ऊन कोणत्या दिवशी कडक पडेल, सावली कोठून सरकत येईल, अभ्र आले तर काय उचलावयाचे, याचे ज्ञान या घरांतील स्त्रियांना कोणत्याही पुस्तकाने दिलेले नाही.

असे असूनही रोजचा वरणभात सूर्याच्या उष्णतेवर शिजवणारी सूर्यचूल, जिला बाजारात सोलर कुकर म्हणतात, ती मात्र आपल्या घरांत रुळली नाही. तिचे शास्त्र गहन नाही. किंमतही अनेकांना परवडण्याजोगी झाली होती. सरकारचे उत्तेजन होते, प्रदर्शने झाली, बक्षिसे दिली गेली. तरी अनेक घरांत ती पेटी माळ्यावर गेली, किंवा जुन्या वह्या ठेवण्याच्या कामी आली. या अपयशाचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडण्याची रीत आहे. तथापि सूर्यचुलीचा इतिहास नीट पाहिला, तर दोष शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांच्या पदरात अधिक पडतो, असे म्हणावे लागते.

प्रथम ही पेटी काम कशी करते, ते पाहू. एका पेटीच्या आत दुसरी पेटी असते आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत उष्णता अडवणारा पदार्थ, बहुधा काचेचा कापूस, दाबून भरलेला असतो. आतील पेटी पत्र्याची आणि काळ्या रंगाची असते. तोंडावर एकीवर एक अशा दोन काचा असतात व त्यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. पेटीचे झाकण म्हणजे एक आरसा. तो उघडून तिरपा ठेवला की जास्तीचे ऊन काचेवर टाकतो. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत जातो. काळा पत्रा व काळी भांडी तो शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या पत्र्यातूनही किरण बाहेर पडतात, परंतु ते निराळ्या जातीचे, उष्णतेचे असतात आणि काच त्यांना सहजासहजी वाट देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीचे दार उघडताच जी धग अंगावर येते, तिचे कारण हेच.

हे तत्त्व जिनीव्हाच्या होरास द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ साली प्रयोगाने दाखवले. काळ्या अस्तराची लाकडी पेटी व तिच्यावर काचांचे थर अशी रचना करून त्याने आतील उष्णता पाणी उकळण्याच्या मर्यादेपलीकडे, १०९ अंश सेल्सियसपर्यंत नेली होती. आजची पेटी याच वंशातील असून चांगल्या उन्हात तिचे तापमान १०० ते १४० अंशांच्या दरम्यान जाते.

आता थोडे गणित. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण एक किलोवॅट शक्तीचे ऊन पडते. घरगुती पेटीचे तोंड अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद धरले, तर तिच्या वाट्यास त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे २५० वॅट येतात. आरसा त्यात काही भर घालतो. काच, फटी व भिंती त्यातून बरेच परत घेतात. गॅसच्या शेगडीवरील मोठ्या ज्वालेपासून भांड्याला याच्या कित्येक पट उष्णता मिळते. म्हणून गॅसवर वीस मिनिटांत होणाऱ्या भाताला पेटीत तास-सव्वातास लागतो, आणि भिजवलेल्या डाळीला दोन तास. मात्र अन्न शिजण्यास उकळीच फुटली पाहिजे असे नाही. नव्वद अंशांच्या आसपासही तांदूळ व डाळ शिजतात, केवळ वेळ अधिक लागतो. पेटीत काही करपत नाही, उतू जात नाही, ढवळावे लागत नाही. रताळी, भोपळा, उसळी, अंडी हे सारे होते. शेंगदाणे खमंग भाजले जातात.

होत नाही ते काय? भाकरी होत नाही. पोळी होत नाही. फोडणी होत नाही, कारण मोहरी तडतडावयास तेल जेवढे तापावे लागते तेवढे ते या पेटीत तापत नाही. तळण तर दूरच राहिले. मराठी जेवणातील निम्मा भाग तव्यावर आणि फोडणीच्या पळीत असतो. ही गोष्ट पेटी विकणाऱ्याने आरंभीच सांगावयास हवी होती. नेमकी तीच फारशी सांगितली गेली नाही. चुलीला संपूर्ण पर्याय म्हणून पेटी घरी आली, आणि पहिल्याच संध्याकाळी भाकरीसाठी पुन्हा चूल पेटवावी लागली, तेव्हा पेटीने शब्द मोडल्यासारखे झाले. तीच पेटी ‘दुपारचा वरणभात आणि उसळ करणारी एक सोबतीण’ अशी ओळख देऊन आली असती, तर तिच्यावर हा आरोप आला नसता.

सूर्यचुलीचा एक जुना प्रयोग आपल्या मुंबईतच झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मुंबई उच्च न्यायालयातील उपनिबंधक विल्यम अॅडम्स यांनी १८७० नंतरच्या दशकात आरशांच्या साहाय्याने पाण्याची वाफ करून त्यावर पंप चालवला आणि तो पाहावयास लोकांना बोलावले. त्यांनी एक अष्टकोनी सूर्यचूलही बनवली होती. आतून आरसे बसवलेले नरसाळ्यासारखे तोंड, मध्ये तांब्याचे भांडे व त्यावर काचेचे आवरण, अशी तिची घडण होती. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या थंडीत, सात शिपायांचा शिधा तिच्यावर दोन तासांत शिजला, अशी नोंद त्यांनी केली. उष्ण प्रदेशात इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १८७८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑग्युस्तँ मूशो या फ्रेंच गणितशिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून बर्फ तयार करून दाखवला आणि सुवर्णपदक मिळवले. १८८२ साली पॅरिसच्याच एका बागेत आबेल पिफ्र यांनी सूर्यावर चालणाऱ्या यंत्राने छापखाना चालवून एक वृत्तपत्र छापले. त्याचे नावही सूर्याचेच होते.

हे सारे प्रयोग खरे होते, आणि सारेच पाहणाऱ्यांना थक्क करणारे होते. परंतु थक्क होणे आणि शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूशोच्या यंत्रातून बर्फ निघालेला पाहून घरी गेलेल्या मनुष्यापाशी दुसऱ्या दिवशी करण्यासारखे काहीच नव्हते. शिवाय त्या काळात कोळसा स्वस्त होत गेला आणि सूर्ययंत्रे मागे पडली, हेही सांगितले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात हा विषय पुन्हा निघाला. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एम. एल. घई यांनी अंतर्गोल आरशाची सूर्यचूल तयार केली. चकाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या थाळीच्या मध्यबिंदूशी भांडे ठेवावयाचे, अशी ती रचना. शास्त्रीय दृष्टीने तीत उणे काढण्यासारखे फार नव्हते. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. बाजारातही ती आली. आणि चालली नाही.

कारणे शोधावयास प्रयोगशाळेत जावे लागत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले की पुरे. ही चूल दर पंधरा-वीस मिनिटांनी सूर्याकडे वळवावी लागे. स्वयंपाक करणारीला भर उन्हात उभे राहावे लागे, आणि थाळीची तिरीप डोळ्यांवर येई. उघड्यावर रांधले की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडते, कावळा येतो, धूळ येते. रानातला काटक्या-कुटक्यांचा जळणफाटा ज्यांना पैशाविना मिळत होता, त्यांना ही चूल विकत घ्यावयाची होती. आणि ज्यांच्यापाशी ती घेण्याइतके पैसे होते, त्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह आला होता. शेतावर जाणाऱ्या बाईचा स्वयंपाक सूर्य वर येण्यापूर्वी उरकलेला असतो आणि दुसरा दिवेलागणीला होतो. यंत्र बनवणाऱ्यांनी उष्णता मोजली होती; घराचे वेळापत्रक मोजले नव्हते.

१९८०च्या दशकात सरकारने थाळीऐवजी पेटीचा प्रकार उचलला आणि सवलतीच्या दराने तो देण्याची योजना काढली. पेटीत तिरीप नव्हती, दर पंधरा मिनिटांनी वळवणे नव्हते, अन्न झाकलेले होते. वडोदऱ्यास १९७९ साली स्थापन झालेली गुजरात ऊर्जा विकास संस्था, महाराष्ट्रातील महाऊर्जा आणि इतर राज्यांतील अशा संस्थांमुळे पेटी तालुक्यापर्यंत पोहोचली. या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. कित्येक घरांत पेटी वर्षानुवर्षे वापरली गेली. परंतु शिक्षणाच्या बाजूने पाहता तिच्यात एक वैगुण्य राहिले. प्रात्यक्षिक व्हावयाचे ते मेळ्यात. सकाळी दहाला भांडी आत ठेवली जात आणि बाराला पाहुण्यांसमक्ष झाकण उघडून वाफाळलेला भात दाखवला जाई. टाळ्या पडत, नोंदणी होई. पेटी घरी येई आणि तेथे मात्र शिकवणारा कोणी नसे.

घरी काय घडते? पहिल्या दिवशी उत्सुकतेपोटी दर दहा मिनिटांनी झाकण उघडले जाते. प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निसटते आणि ती पुन्हा जमावयास तेवढाच वेळ जातो. भांडी नेहमीची, चकचकीत घासलेली वापरली जातात, आणि चकाकी ऊन परतवून लावते. घासूनपुसून लख्ख केलेले भांडे हा ज्या घराचा अभिमान, त्या घरातील बाईला भांड्याच्या झाकणास काळा रंग फासावयास सांगणे ही लहानसहान मागणी नव्हे. ती का करावयाची हे समजावून दिल्यावाचून ती पटणार कशी? पाणी सवयीप्रमाणे घातले जाते. पेटीत वाफ फारशी बाहेर जात नसल्याने ते जास्त होते आणि भात गिजगा होतो. दुपारी अडीचला पेटी लावली जाते आणि डाळ कच्ची राहते. असे तीन दिवस गेले की चौथ्या दिवशी पेटी माळ्यावर जाते. यातील प्रत्येक चूक पाच मिनिटांच्या समजुतीने टळणारी आहे. पण ती समजूत चूक घडल्यावर, त्याच अंगणात, त्याच भांड्यासमोर द्यावयाची असते. मेळ्यातील व्यासपीठावरून ती देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. मेळ्याला जाई बहुधा पुरुष, पेटीचे पैसे देई पुरुष, छापील माहितीपत्रक वाची पुरुष. रांधणार मात्र दुसरीच. जिच्या हाती वस्तू जाणार, तिलाच वगळून दिलेले शिक्षण कोणत्याही विषयात फळास आलेले नाही.

या पार्श्वभूमीवर इंदूर येथे जे काम झाले, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. तेथे १९८५ साली सुरू झालेल्या बरली ग्रामीण महिला विकास संस्थेत माळव्या-निमाडातील आदिवासी खेड्यांतून मुली येऊन राहत व शिकत. जनक पलटा मॅकगिलिगन आणि मूळचे उत्तर आयर्लंडचे त्यांचे पती जिमी मॅकगिलिगन यांनी दीर्घकाळ ही संस्था सांभाळली. तेथे सूर्यचूल हा व्याख्यानाचा विषय नव्हता. राहत्या मुलींचे रोजचे जेवण तीवर होत असे. ऊन आहे तोवर काय रांधावयाचे, ढग आले तर काय करावयाचे, आरसा पुसावयाचा कसा, सांधा सैल झाला तर आवळावयाचा कसा, हे त्या मुली करता करता शिकल्या. महिनोन् महिने हाताखालून गेलेली वस्तू गावी परतल्यावर परकी राहत नाही. जनक पलटा मॅकगिलिगन यांना २०१५ साली पद्मश्री देण्यात आली. जिमी मॅकगिलिगन त्यापूर्वी, २०११ साली वारले. इंदूरजवळील सनावदिया येथे त्यांच्या नावाच्या केंद्रातून हे शिक्षण पुढे चालू राहिले.

बरलीच्या स्वयंपाकघरात वापरलेली थाळी वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेची होती, आणि ती रचना समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या अंतर्गोल थाळीत सूर्य सरकला की तप्तबिंदूही सरकतो, म्हणून भांडे थाळीबरोबर फिरवावे लागते. शेफलर यांनी थाळीसाठी अंतर्गोलाचा मधला भाग न घेता बाजूचा तुकडा घेतला आणि पृथ्वीच्या आसाला समांतर अशा दांड्याभोवती तो तासाला १५ अंश या गतीने, घड्याळाच्या यंत्रासारख्या यंत्राने फिरत ठेवला. पृथ्वी स्वतःभोवती याच गतीने फिरते. परिणामी थाळी सूर्यामागे जाते, पण तप्तबिंदू जागचा हलत नाही. तो भिंतीतील झरोक्यातून स्वयंपाकघरात, चुलीच्या जागी आणून ठेवता येतो. ऋतूप्रमाणे सूर्य उत्तरेस-दक्षिणेस सरकतो, तेव्हा थाळीचा बाक थोडा बदलावा लागतो. त्यासाठी ती लवचीक केलेली असते. अशी पहिली उपयोगी थाळी १९८६ साली केनियातील एका मिशन केंद्रात उभी राहिली. बाई सावलीत उभी, सूर्य बाहेर राबतो आहे. १९५०च्या दशकातील थाळीवरील मुख्य आक्षेपाला हे उत्तर होते.

याच थाळ्यांनी वाफ तयार करून मोठ्या पंक्तींचे अन्न शिजवण्याची योजना आपल्याकडे अनेक ठिकाणी झाली. तिरुपतीस २००२ साली, तर शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ थाळ्यांची मांडणी बसवण्यात आली. अशा जागी सूर्यचूल टिकण्याचे एक साधे कारण आहे. तेथे थाळ्या पुसणे व वाफेची नळी तपासणे हे कोणाचे तरी नेमलेले काम असते. घरी ते कोणाचेच नसते. म्हणजे ते पुन्हा गृहिणीच्याच अंगावर पडते.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून ८ कोटी गॅसजोडण्यांचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये पुरे झाले. ही फार मोठी गोष्ट आहे. कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. परंतु जोडणी मिळाली म्हणजे दर वेळी टाकी भरून आणण्याची ऐपत आली असे नाही, आणि कित्येक घरांत गॅसशेजारी जुनी चूल अजून पेटते. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, वऱ्हाडाच्या सीमेला लागून असलेल्या मुलखात, बांचा नावाचे गाव आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ने आखलेल्या योजनेनुसार २०१८ सालापर्यंत तेथील सुमारे ७५ घरांत छपरावर सौरपट्ट्या, घरात बॅटरी आणि विजेची शेगडी अशी सोय करण्यात आली. इंडियन ऑईलने २०२२ साली ‘सूर्य नूतन’ ही घरात ठेवण्याची सौर शेगडी पुढे आणली. या नव्या साधनांवर रात्रीही रांधता येते, आणि तवाही तापतो. पेटीची जी मुख्य उणीव होती ती अशा रीतीने भरून निघू लागली आहे.

मात्र उणीव गेली की शिक्षणाची गरजही गेली, असे समजणे धोक्याचे होईल. बॅटरीत जेवढी वीज साठली तेवढीच खर्चावयाची असते. पाहुणे आले म्हणून ती वाढत नाही. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तिचा खर्च सौरपट्ट्यांसारखा एकदाच करून भागत नाही. हे पहिल्या दिवशी सांगितले नाही, तर माळ्यावर जाणारी वस्तू तेवढी बदलेल.

शाळांना या कामी पुष्कळ करता येईल, आणि त्यासाठी महागडी सामग्री नको. अंगणात एक काठी उभी करून तिची सावली सकाळपासून दुपारपर्यंत खुणा करीत मोजली, की पेटीचे तोंड कोणत्या वेळी कोठे असावे हे मुलांना पाठांतरावाचून कळते. दोन सारख्या वाट्या, एक बाहेरून काळी केलेली, एक लखलखीत. दोहोंत समान पाणी घालून, वर काच ठेवून तासाने बोट बुडवून पाहिले, की काळ्या झाकणाचे कारण आईला घरी जाऊन सांगणारा एक साक्षीदार तयार होतो. थाळीच्या तप्तबिंदूकडे रोखून पाहू नये, थाळी वापरात नसता तिच्यावर कापड टाकावे, नाहीतर तिची तिरीप भलतीकडे पडून आग लागू शकते, हेही याच वयात शिकवले पाहिजे.

पावसाचे चार महिने कोकणात व गोव्यात पेटी बंद राहणार, हे मान्यच करावे लागते. तेवढ्या काळात तिला ओल लागू न देणे महत्त्वाचे असते, कारण भिजलेला काचेचा कापूस उष्णता अडवीत नाही. दसऱ्याला शस्त्रे-अवजारे पुसण्याची आपली चाल आहे. त्याच सुमारास ऊन स्थिर होऊ लागते. त्या वेळी पेटी खाली काढून दोन दिवस उघडी तापवावी, काचा पुसाव्यात, कडेची रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदलावी, आतला काळा रंग उडाला असेल तेथे पुन्हा लावावा. आरसा तडकला असेल तर मापाचा तुकडा आरसेवाल्याकडून कापून आणावा. हे सारे सामान तालुक्याच्या बाजारात मिळते आणि बसवावयास कारागीर लागत नाही.